डावा कोपरा

आमच्या घरमालक काकांचा आवाज कसा होता हे सांगायला लागलो की लोक मला थापाड्या म्हणतात. म्हणोत बापडे. मीरा रोडच्या पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या तळमजल्यावरून काकांनी "बोनऽऽस!" अशी आरोळी ठोकली की तिकडे राई गावच्या खाडीवरचे बगळे उडायचे, हे मी शपथेवर सांगतो. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा. ते जाऊ द्या, पण चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. आणि काकांनी वर मान करून उलट त्यांनाच सुनावलं होतं, "पकड ढिली आहे वहिनी तुमची!"

मी काकांचा भाडेकरू. भाईंदरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या बेडरूम आखायच्या आणि रात्री काकांच्या आतल्या खोलीत पथारी पसरायची. खोली बघायला गेलो त्या दिवशी घरमालक जे विचारतात त्यातलं काही म्हणजे काही त्यांनी विचारलं नाही. दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "लांब हाताचा गडी चढाईला आलाय. पहिला हात कोण घालणार?"

मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दारामागच्या कोपऱ्यात चपलांचा ढीग दिसत होता, म्हणून तोंडातून निघून गेलं, "कोपरा?"

काका आत वळून गरजले, "अगं, चहा टाक! भाडेकरू मिळाला!"

तेच माझं नाव पडलं. पुढं पाच वर्षं मी त्या घरात 'भाडेकरू' होतो. आईचा गावाहून फोन यायचा तेव्हा काकू आतल्या खोलीकडे बघून हाक मारायच्या, "भाडेकरूऽ, आईचा फोन!" आईनेही पुढं पुढं "भाडेकरू आहे का?" असं विचारायला सुरुवात केली होती.

काका मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी मुंबईत कामाला असताना कबड्डी खेळले, एका सामन्यात गुडघा गेला, मग पस्तीस वर्षं एका सरकारी खात्यात टेबलाखाली तो गुडघा लांब करून बसले. रिटायर होऊन मीरा रोडला आले तेव्हा सगळी कबड्डी पायातून तोंडात आली होती. भाजी निवडत असतील तर मेथीच्या जुडीचा पट काढायचे. पाण्याचा टँकर आला की बादल्या घेऊन धावणाऱ्या सोसायटीला जिन्यावर उभं राहून सूचना द्यायचे, "मधल्याने पुढं यायचं नाही! साखळी करा, साखळी!" आणि खरं सांगतो, आमच्या बिल्डिंगला कायम शेजारच्यांपेक्षा चार बादल्या जास्त मिळायच्या.

आणखी एक. काका कधी चुकायचे नाहीत. म्हणजे चुकायचे सगळ्यांसारखेच, पण ते मान्य करण्याची सोय त्यांच्या अंगातच नव्हती. एकदा काजूपाड्याला जायचं म्हणून बसमध्ये बसले आणि थेट उत्तनला समुद्रावर जाऊन पोहोचले. परत आल्यावर म्हणाले, "बरेच दिवस समुद्राची खबर घेतली नव्हती." एकदा चहात साखरेऐवजी मीठ घातलं. काकू बघत होत्या, मी बघत होतो. काकांनी आमच्या डोळ्यांत डोळे घालून अख्खा कप संपवला, बशीत सांडलेलंही प्यायले आणि म्हणाले, "घशाला उत्तम." वर दुसरा कप मागितला, तोही मीठ घालून.

संध्याकाळी त्यांचा दरबार भरायचा तो शाहभाईंच्या फरसाणाच्या दुकानापुढच्या कट्ट्यावर. शाहभाई म्हणजे गोलमटोल, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. काका जे म्हणतील त्याच्या बरोब्बर उलट बोलायचं, हे त्यांनी जणू व्रतच घेतलेलं. आमच्या भागातल्या कॉलेजची कबड्डीची टीम अंतिम सामन्याला पोहोचली की कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरलं जायचं. त्यावर पेनाने मैदान आखायचं काम माझं. मग शाहभाई आतून बरण्या आणायचे. पापडी म्हणजे कोपऱ्यातले गडी, शेव-गाठी म्हणजे मधले, आणि चढाईला जाणारा तो लांब, वळणदार फाफडा. एकेक चढाई खेळून दाखवायची, त्यावर भांडायचं, आणि कट्ट्याने कौल दिला की बाद झालेला गडी खाऊन टाकायचा. अख्खा संघ बाद होऊन लोण चढला की सातही जण पोटात.

"काका, तुमचा फाफडा आत गेला, आता मारी पापडी एने छोडशे नहीं," शाहभाई म्हणायचे.

"शाहभाई, तुमची पापडी मऊ पडलीय. कालची आहे."

"कालची? मारा दुकानमां कालची पापडी? अरे, ये क्या बोलता है काका!"

"मग चावून दाखवा!"

शाहभाई रागारागात स्वतःचाच गडी चावायचे आणि काका टाळी वाजवायचे, "बाद! एक गुण आम्हाला!"

एका वर्षीची गोष्ट मात्र वेगळी होती. आमचं कॉलेज आधी सलग दोन अंतिम सामने हरलेलं, आणि दोन्ही वेळा काकांनी लावलेल्या जोड्या, म्हणजे कुणी कुणावर चाल करायची ते, चुकलेल्या. काकांच्या मते अर्थातच जोड्या बरोबर होत्या, सामना चुकला होता. तिसऱ्यांदा टीम फायनलला गेली. समोर घोडबंदरच्या पलीकडचं एक तगडं कॉलेज. शाहभाईंनी भर कट्ट्यावर विचारलं, "काका, इस बार हारे तो?"

"हरतोय कशाला!"

"नहीं, मानो, हारे तो?"

काका उभे राहिले. लंगडा पाय पुढं घेतला. "हरलो तर या कट्ट्यावर, या घरात, या मीरा रोडमध्ये कबड्डीवर अवाक्षर काढणार नाही. मरेपर्यंत."

शाहभाईंनी हातातली पापडी परत बरणीत ठेवली. कारण आम्ही सगळ्यांनी आदल्याच वर्षी काकांचा घसा बसलेला पाहिला होता. डॉक्टरांनी दोन दिवस बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. पहिल्या दिवशी काका पाटीवर लिहून बोलले. दुसऱ्या दिवशी पाटीही ठेवून दिली आणि खिडकीशी बसून राहिले. जेवले नाहीत. दाढी केली नाही. दोन दिवसांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते, यात माझी एका वर्षाचीही भर नाही.

त्या संध्याकाळी काकू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाडेकरू, ही पोरं जिंकायला हवीत हो. हा माणूस बोलतो म्हणून मी आयुष्यभर कटकट केली. पण गप्प बसला तर मला घरात करमायचं नाही. आणि शब्द दिला की हे मोडायचे नाहीत, तेवढं मला ठाऊक आहे."

म्हणून मग काकांनी हेरगिरी काढली. समोरच्या संघाचं सराव शिबिर घोडबंदर रस्त्यावर चेणे गावी एका मैदानावर लागलं होतं. "भाडेकरू, रविवारी ड्रॉइंग बोर्ड घे, टेप घे. आपण प्लॉट बघायला जातोय."

चेण्याला त्या काळात जो तो प्लॉट बघायला जात होता, त्यामुळे कुणाला संशय येण्याचा प्रश्नच नव्हता. उलट रिक्षातून उतरतोय तोवर एक एजंट येऊन चिकटला. "साहेब, बंगलो प्लॉट? हवा बघा, झाडं बघा, येऊरचा डोंगर समोर!" काकांनी लांबचा चष्मा घाईत घरी ठेवला होता, पण तो विसरलो असं ते थोडंच म्हणणार. मला म्हणाले, "मी याला बोलण्यात गुंतवतो. तू नीट बघ आणि काढ. तुझा हात चांगला आहे." मग दोन तास त्यांनी त्या एजंटाचा जो काय पिट्टा पाडला! विहीर कुठं, उंबरठा कुठल्या दिशेला, घोरपड येते का, आली तर अंगणातून येते की परसातून. एजंट शेवटी पाणी प्यायला म्हणून गेला तो परत आलाच नाही.

मी इकडे झाडाखाली बोर्ड मांडीवर घेऊन बसलेलो. समोर पकडीचा सराव चाललेला. त्यांच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन चुलत भाऊ उभे होते. अंगाने सारखे, मिशीने सारखे, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. पण खेळ? एकाने घोटा धरला की गडी जागीच गाडला जायचा. दुसऱ्याचा खांदा दुखावलेला, तो खाली बसला की उठायला वेळ लावायचा. मी सगळं टिपलं. शाईने, मापात, बाणांसकट. घरी आल्यावर काकांनी वाचायचा चष्मा लावून ते चित्र पाहिलं आणि पहिल्याचं नाव ठेवलं 'मगर', दुसऱ्याचं 'खुर्ची'.

"मगर डाव्या कोपऱ्यात. खुर्ची उजव्या. वा! काय चित्र काढलंयस! हे तर म्युझियममध्ये लावायला हवं."

मी फुगलो. खोटं कशाला बोलू.

मग आठ दिवस कट्ट्यावर जी रणधुमाळी झाली तिला तोड नाही. फरसाणाचं एक अख्खं पिंप संपलं. काकांचं म्हणणं एकच: आमचा चढाईचा गडी हरेश, राईचा, खाडीच्या काठावर वाढलेला, वाऱ्यासारखा पोरगा. त्याने प्रत्येक चढाईला उजवा कोपरा गाठायचा, खुर्चीला शिवायचं आणि परत यायचं. मगरीकडे ढुंकून बघायचं नाही.

"हर बार एक ही बाजू?" शाहभाई फाफडा नाचवत म्हणायचे. "काका, गेला आणि फसला तर? पहिल्यांदा थोडा चाखून बघा ना!"

"सामना आहे हा शाहभाई, फरसाण नाही, चाखून बघायला!"

"काका, आणि तुमी उलटा असाल तर?"

"मी? उलटा?" काका असे हसले की शेजारच्या मेडिकलवाल्याने शटर तपासलं.

हरेश स्वतः एका संध्याकाळी सायकलवर येऊन कट्ट्यावर बसला होता. कॉलेजात खेळ बघायला जे सर नेमले होते ते रसायनशास्त्राचे. ते मैदानावरही परीक्षानळी धरल्यासारखी शिट्टी धरायचे. म्हणून पोरांचा सगळा भरवसा काकांवर. हरेशने माझं चित्र पाठ केलं, पापडीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "काका, तुमी सांगतांव तर सोडतंय काय मी! खुर्ची न्हाय, तिचं लाकूड करून आनतंय."

सामन्याच्या दुपारी मातीचं मैदान माणसांनी भरलं होतं. राईहून टेम्पो भरून लोक आलेले, ढोल आलेले, हरेशची आजी डोक्यावर पदर घेऊन पहिल्या रांगेत. आमचा कट्टा बाजूच्या रेषेला चिकटून. काका मधोमध, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला फरसाणाचा डबा मांडीवर घेतलेले शाहभाई.

हरेश पहिल्या चढाईला गेला. "उजवा! उजवा!" काका ओरडले. हरेश गेला, हात टाकला, आणि त्याचा घोटा धरला गेला. असा, की जणू जमिनीनेच धरला.

"योगायोग," काका म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा गेला. पुन्हा घोटा. तिसऱ्यांदा, पुन्हा. तिसऱ्यांदा माती झटकत बाहेर बसायला येताना तो आमच्यापाशी वाकून म्हणाला, "काका, थय खुर्ची न्हाय हो! त्या कोपऱ्यान जनावर हाय!"

"पाय जरा उंच ठेव. जा!"

चौथ्यांदा तो पडला तेव्हा आमच्यावर लोण चढला. मध्यंतराची शिट्टी झाली, आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. ढोल बंद पडले. शाहभाईंनी डब्याचं झाकण लावलं.

काकांनी खिशातून माझं चित्र काढलं. आज लांबचा चष्मा डोळ्यांवर होता. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं. मग हळूच कागद फिरवला. वरची बाजू खाली केली. पुन्हा मैदानाकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे.

कबड्डीत डावा-उजवा ठरतो तो पकडणाऱ्यांच्या हाताने. त्यांचा डावा हात तो डावा कोपरा. आणि मी चेण्याला त्यांच्या समोर बसलो होतो. जो माझ्या डाव्या हाताला दिसला त्याला डावा लिहून मोकळा झालो होतो. शाईने, मापात, बाणांसकट. आठ दिवस अख्खा कट्टा मगरीला खुर्ची समजून भांडत होता, आणि पोरगा तिच्या जबड्यात चार वेळा जाऊन आला होता.

"काका," मी म्हटलं, "ते चित्र मी—"

काकांनी माझं डावं मनगट धरलं. इतकं घट्ट की मला तिथंच कळलं, तरुणपणी हा माणूस कुठल्या कोपऱ्यात खेळत असणार. मग ते उठले आणि लंगडत मैदानाच्या कडेला, पोरांपाशी गेले. मागोमाग शाहभाई, मागोमाग सगळा कट्टा, काय होतंय ते बघायला.

"हरेश, चूक झाली," काका म्हणाले.

कुणाला ऐकू आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण कुणाचा विश्वास बसला नाही.

"माझी चूक झाली," काका पुन्हा म्हणाले, आणि आता त्या आवाजात, त्या बगळे उडवणाऱ्या आवाजात, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं. "मी डावा-उजवा उलटा लावला! मगर उजव्यात आहे. खुर्ची डाव्यात. आता सगळं उलट खेळायचं!"

शाहभाईंनी डबा खाली ठेवला. "काका, क्या बोला?"

"चुकलो म्हणालो. लिहून देऊ?"

मी तोंड उघडलं, पण काकांनी मागं न बघता हात असा मागे केला की माझं तोंड आपोआप मिटलं.

रसायनशास्त्राचे सर काळजीने म्हणाले, "पण त्यांनी आता जागा बदलल्या तर?"

"जिंकणारा कशाला बदलतोय सर? जा रे हरेश! डावा!"

दुसरा डाव सुरू झाला, आणि देवाशपथ सांगतो, तसली वीस मिनिटं मी पुन्हा पाहिली नाहीत. हरेश डाव्या कोपऱ्यात गेला, खुर्चीला शिवला, परत आला. गुण! पुन्हा गेला. गुण! राईच्या ढोलांना कंठ फुटला. हरेशची आजी उभी राहून ओरडत होती, "धर नको रं, शिव! शिव नि पल!" शाहभाई, आयुष्यात पहिल्यांदाच, काकांच्याच बाजूने ओरडत होते, "डावा! डावा!" आणि मधूनच भान सुटून मूठभर गाठी हवेत उधळत होते. आम्ही उलट लोण चढवला. नवाचे चार झाले, चाराचा एक झाला. दोन्ही संघांनी पुन्हा दोन-दोन गुण काढले. अखेर एका गुणाने मागे असताना शेवटची चढाई हरेशच्या वाट्याला आली.

काका ओरडत नव्हते. ओठ मात्र हलत होते, हरेशच्या दमाबरोबर. मी बघितलं, त्यांचा हात पुन्हा माझ्या मनगटावर होता.

हरेश उजव्या कोपऱ्याकडे वळल्यासारखा झाला. मगर सरसावली. त्याने झोकांडी दिली, डाव्या कोपऱ्याकडे लांब पाय टाकला, अंगठा खुर्चीच्या गुडघ्याला घासला. खुर्चीला हात द्यायला पुढं आलेल्या मधल्या गड्याच्याही खांद्याला परतताना बोटं लागली. दोन! पण मगर सुटली होती, संपूर्ण मैदान आडवं कापून ती आली आणि तिने हरेशचा घोटा धरलाच. हरेश छातीवर पडला. मधली रेषा हातभर दूर. त्याने दम सोडला नाही. "कबड्डी-कबड्डी" करत मातीत बोटं रोवली, इंचाइंचाने पुढं सरकला, आणि त्याच्या मधल्या बोटाचं नख त्या फक्कीच्या पांढऱ्या रेषेला टेकलं.

पंचांनी वाकून बघितलं. दोन बोटं वर केली.

पुढचं मला धड आठवत नाही. एवढं आठवतं की शाहभाईंनी काकांना उचललं होतं. शाहभाईंनी! स्वतःचं पोटही दोन हातांनी सावरणाऱ्या माणसाने!

काका पुढं कितीतरी वर्षं बोलत राहिले, आणि काकू कटकट करत राहिल्या, सगळं जागच्या जागी आलं. फक्त एक बदललं. कट्ट्यावर कुणी नवीन माणूस आला की शाहभाई पहिल्या गाठीबरोबर तीच गोष्ट सांगायचे: "ये काका है ना, सगळ्या जन्मात एकच बार चुकले. डावा-उजवा समजला नाही! पस्तीस वर्ष कबड्डी बोलतात, डावा-उजवा समजला नाही!" सगळा कट्टा हसायचा. समुद्राची खबर घेणारे, मिठाचा चहा पिणारे काका त्यावर एक शब्द बोलायचे नाहीत. पापडी खात राहायचे. मीही गप्प. सांगावंसं कितीदा वाटलं, पण दर वेळी ते माझ्याकडे असे बघायचे की पकड बसायची.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना त्यांनी मला दारात अडवलं होतं. काकूंच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा माझ्या मनगटाला तीन वेढे देऊन बांधला. "हा डावा," एवढंच म्हणाले. मग रोज संध्याकाळी घरात शिरलो की पेपरातून डोकं न काढता विचारायचे, "भाडेकरू, डावा?" मी दोऱ्याचा हात वर करायचा. "हं. जेवायला बस."

काही वर्षांनी काका-काकू गावी कायमचे राहायला निघाले. रत्नागिरीच्या बसपाशी आम्ही सगळे जमलो होतो. शाहभाईंनी वाटेत खायला इतकं फरसाण दिलं की त्यात दोन संघ सहज उतरले असते. गाडी सुटली. काका खिडकीत. मी हात वर करून हलवला.

वळणावरून तो आवाज आला. स्टँडवरची कबुतरं उडाली, तेवढी तरी माझ्याबरोबर शाहभाईंनीही पाहिली.

"भाडेकरूऽऽ! डावाऽऽ!"

मी घाईघाईने हात बदलला.